काळ्या मातीत चेन दर पंधरा दिवसांनी ढिली होते? पाना घेण्याआधी हे बघा

तक्रार सगळ्यांची एकच. पाऊस लागला, गाडी पांधणीतून जायला लागली की चेन खडखडायला लागते. मिस्त्री कसून देतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात, परत खडखड, परत कसणं. दिवाळी येईपर्यंत मागच्या चाकाचा ॲडजस्टर शेवटच्या खुणेला टेकतो आणि मिस्त्री म्हणतो, "चेन लंबी झाली भाऊ, किटच टाकून घ्या आता." किट म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं, ज्यांवर चेन फिरते ती दातेरी चक्रं.

मी सबमर्सिबल मोटारी दुरुस्त करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, झरी, वणी या पट्ट्यातल्या वावरांत जावं लागतं. डांबरी संपते तिथून पुढे पांधण म्हणजे कच्ची वाट, मग धुरा म्हणजे बांध, मग नाला. गाडी २०० सीसीची आहे, उंच सस्पेन्शनची, मागे पाइप-पाने बांधलेले. दोन पावसाळ्यांत मी तीन चेन घालवल्या. पहिली साधी होती, तेव्हा वाटलं माल हलका असेल. दुसरी त्याहून महाग घेतली. तिसरी तर रबर रिंगवाली घेतली आणि तीही ऑक्टोबरात संपली. तेव्हा मला पटलं की दोष चेनमध्ये नाही, ती कसायच्या पद्धतीत आहे. ज्यांची गाडी काळ्या मातीत चालते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

गोष्ट श्रावणातली. मुकुटबनच्या अलीकडे एका वावरातून मोटार काढून परत आलो आणि गाडी ओट्यापाशी लावली. सकाळी निघताना चेन मोजली होती, वर-खाली मिळून ४० मिमी हालत होती. संध्याकाळी तीच चेन बोटानं उचलून पाहिली तर कुंपणाच्या तारेसारखी ताठ. भाचा शेजारी उभा होता. त्यानंही जोर लावून पाहिला. "मामा, हे तं हालूनच नाई रायली."

इंजिनाजवळच्या छोट्या स्प्रॉकेटचं झाकण खोललं. आत माती आणि गवताच्या काड्या दाबून दाबून विटेसारख्या झाल्या होत्या. पेचकसानं उकरताना एक तुकडा अख्खा हातात आला. त्याच्या एका बाजूवर दातांचे ठसे उमटले होते, आणि जिथे चेनचे रोलर, म्हणजे कड्यांमधल्या गोल नळ्या, घासत होते तो भाग शाळेच्या पाटीसारखा चमकत होता. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटच्याही प्रत्येक खाचेत तीच माती बसलेली, नखानं न निघणारी. अर्धा तास खरवडलं, बादलीनं पाणी ओतलं, चाक फिरवलं आणि परत मोजलं. ४० मिमी. पान्याला हातही लावला नव्हता.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला, तो इथे देतो, कारण सगळी गोम त्यात आहे. खालच्या बाजूची चेन दोन स्प्रॉकेटांमध्ये साधारण ६० सेंमी धरा. ती मधोमध वर-खाली मिळून ४० मिमी हालते, म्हणजे सरळ रेषेपासून २० वर आणि २० खाली. एवढं हालायला तिच्यात जास्तीची लांबी किती लागते? ३०० मिमी आणि २० मिमी असा काटकोन त्रिकोण मांडून बघा. दोन्ही अर्धांचे मिळून जेमतेम १.३ मिमी होतात. डोळ्याला भरपूर दिसणारी ढिलाई खरं तर दीड मिलिमीटरसुद्धा नाही.

आता मातीचं बघा. चेन दोन्ही स्प्रॉकेटांवर साधारण अर्धा-अर्धा वेढा घेते. खाचांच्या तळाशी ०.२ मिमीचा, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीचा थर घट्ट बसला, तर रोलर तेवढेच वर उचलले जातात आणि प्रत्येक वेढ्यात चेनला ०.६ मिमीच्या वर जास्त अंतर कापावं लागतं. दोन्हीकडचं मिळून सव्वा मिलिमीटर. सगळी ढिलाई तिथेच संपली. आपली माती तर पोस्टकार्डाएवढ्यावर थांबतच नाही. बेसाल्टची झीज होऊन झालेली ही चिकण माती, ओली झाली की फुगते, चिकटते, आणि गवत मिळालं की गारा होतो. घराच्या भिंती लिंपायला आपण मुद्दाम जसा गारा करतो, अगदी तसाच.

ढिलाई संपल्यावर पुढे काय होतं? मागचं चाक खड्ड्यात आदळतं, सस्पेन्शन दबतं आणि चेनला आणखी लांबी हवी असते. ती कुठूनच मिळत नाही. मग सगळा ओढा चेनच्या पिनांवर, इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि तिथल्या ऑइल सीलवर येतो. असं चालत राहिलं की चेन फार झपाट्यानं झिजते. सकाळी माती वाळून झडते आणि चेन लोंबकळते. आपण म्हणतो ढिली झाली, मिस्त्री कसतो. पुढच्या चिखलात ती आणखी लवकर ताठते, आणखी झिजते, आणखी लोंबते. म्हणजे ढिली चेन कसणं हाच उपाय समजून आपण दर पंधरा दिवसांनी दुखणं वाढवत असतो. मी दोन वर्षं हेच केलं.

आणखी एक बारीक गोष्ट. ॲडजस्टरचा बोल्ट बहुतेक ८ मिमीचा असतो आणि त्याचा आटा १.२५ मिमीचा. नट पाव फेरा फिरवला की चाक ०.३ मिमी मागे जातं, आणि तेवढ्यात ४० मिमीची ढिलाई ३० वर येते. बरेच जण अंदाजानं एकदम पूर्ण फेरा मारतात. पूर्ण फेऱ्यात चाक १.२५ मिमी मागे जातं, म्हणजे वर आणि खाली मिळून चेनची अडीच मिलिमीटर लांबी खाल्ली जाते. शिल्लक होती सव्वा. पाव फेरा, चाक फिरवा, मोजा, मग हवा तर पुढचा पाव फेरा.

कसायच्या आधी

पहिलं काम धुणं. दोन्ही स्प्रॉकेटांच्या खाचा मोकळ्या केल्याशिवाय मोजमाप घेऊच नका. पुढचं झाकण दोन-तीन बोल्टांचं असतं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खोला. काही जण माती अडकू नये म्हणून ते झाकण कायमचं काढून टाकतात. तसं करू नका. चेन तुटली तर ती तिथे गोळा होऊन इंजिनाचं कवच फोडू शकते, शिवाय तुमचा पाय तिथून चार बोटांवर असतो.

स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या, मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात त्यावर, चेन किती हालली पाहिजे त्याची पट्टी चिकटवलेली असते. ती वाचा. शहरातल्या गाड्यांना २० ते ३० मिमी चालतं. उंच सस्पेन्शनच्या गाडीला ३५ ते ५० मिमी लागतं, आणि आपले मिस्त्री दिवसभर पहिल्या प्रकारच्या गाड्या कसत असल्यामुळे दुसरीलाही तोच हात लावतात. त्यांचा दोष नाही, पण पट्टी दाखवायचं काम आपलं. माझ्या गाडीच्या पट्टीवर ३५ ते ४५ आहे. पावसाळ्यात मी ४५ ठेवतो, त्यापुढे जात नाही, कारण फार ढिली चेन दातांवरून उडते.

पट्टी निघून गेली असेल तर एक खात्रीचा मार्ग आहे. इंजिनाच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा पिव्हट, म्हणजे तो ज्यावर वर-खाली होतो तो बिंदू, आणि मागच्या चाकाचा एक्सल हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते, कारण तेव्हा दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. सामान बांधायच्या पट्ट्यानं गाडीचं मागचं अंग दाबून बांधा, नाहीतर दोन धट्टेकट्टे गडी सीटवर बसवा, आणि तीन बिंदू जुळतात तिथे चेन बोटानं दाबून बघा. तिथेही ती थोडी हालली पाहिजे. मग पट्टा सोडा आणि गाडी मोकळी असताना किती हालते ते मोजून वहीत लिहून ठेवा. तुमच्या गाडीचा आकडा तो.

चाक फिरवत फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे खडूनं खूण करा आणि तिथेच पट्टीवरचा आकडा धरा. ताठ आणि ढिल्या जागेत दहा-बारा मिलिमीटरच्या वर फरक पडायला लागला तर ती चेन कसून सुधारणार नाही. एखादी कडी गंजून आखडली असेल तर ती स्प्रॉकेटवरून सुटल्यावरही वाकडीच राहते, चटकन दिसते.

एक्सलचा नट घट्ट केल्यावर परत मोजा. घट्ट करताना चाक थोडं सरकतं आणि पाच मिमी इकडचे तिकडे होतात.

स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्विंगआर्मच्या पिव्हटपासून एक्सलच्या मध्यापर्यंत जाड तार धरून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. चाक तिरकं असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकचकीत झालेली दिसते. माझ्या गाडीत डावीकडची खूण उजवीपेक्षा दीड मिलिमीटर खोटी निघाली.

आणि हब रबर, म्हणजे मागच्या चाकात स्प्रॉकेटचा धक्का झेलणारी रबरं. गाडी गेअरमध्ये ठेवून मागचं चाक हातानं पुढे-मागे हालवा. स्प्रॉकेट न हालता ते बरंच खेळत असेल तर हबातली रबरं गेली. तो धक्का मग थेट चेनवर येतो आणि आवाज अगदी ढिल्या चेनसारखाच येतो. स्वस्तातली वस्तू आहे, पण ती सोडून लोक चेन बदलत बसतात.

चेन खरंच संपली का?

चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन बुशच्या, म्हणजे पोकळ नळीच्या, आत फिरते, त्या दोघी घासतात, आणि तेवढी कडी लांब होते. १३० कड्यांची चेन १ टक्का वाढली तर दर कडीला ०.१३ मिमीसुद्धा झीज नसते, पण एकूण लांबी साडेसोळा मिमीनं वाढते.

मोजायचं असं. चेनवर हात दाबून ताण द्या, एका पिनच्या मध्यापासून मोजायला लागा आणि २१व्या पिनच्या मध्यापर्यंत जा. त्यात २० कड्या येतात. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिमी, म्हणजे नवीन असताना २५४ मिमी भरते. ५२० ची कडी १५.८७५ मिमी, म्हणजे ३१७.५ मिमी. बरेच कंपनीवाले साधारण २ टक्क्यांपर्यंतची मर्यादा देतात, म्हणजे ४२८ ला २५९ मिमी. मी तिथपर्यंत थांबत नाही. रबर रिंगवाली चेन १ टक्का वाढली, २५६.५ ला आली, की नवीन किट आणून ठेवतो. एकदा आतलं ग्रीस गेलं की पुढची झीज फार झपाट्यानं होते. स्टीलची पट्टी घेऊन तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा खरा माना.

नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवू नका. जुने दात जुन्या लांब कडीच्या मापानं घासून वाकडे, आकड्यासारखे झालेले असतात. नवीन चेनचा रोलर त्यात नीट बसत नाही आणि महिना-दोन महिन्यांत ती चेनही जुन्यासारखीच होते. माझी दुसरी चेन अशीच गेली. पैसे वाचवायला मी फक्त चेन घेतली होती.

घेताना

नंबर बदलू नका. ४२८ च्या स्प्रॉकेटवर ५२० बसत नाही, आणि जाड चेन म्हणजे टिकाऊ चेन असंही नाही. साधी चेन आणि सील असलेली चेन यांत निवडायचं असेल तर आपल्या कामाला सीलवालीच घ्या. तिच्यात दर पिनच्या दोन्ही टोकांना रबराची रिंग असते आणि आत कारखान्यात भरलेलं ग्रीस. गोल रिंगला ओ रिंग म्हणतात. एक्स रिंगचा काप चौपाकळी असतो, ती कमी घासते आणि माती जास्त चांगली अडवते. मोटोक्रॉस शर्यतीतले लोक साधी चेन वापरतात, कारण ती हलकी असते आणि ते दर शर्यतीनंतर ती काढून धुतात. आपण रोज संध्याकाळी चेन काढून धुणार आहोत का?

मागचं स्प्रॉकेट स्टीलचं. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, पण रेतीत भराभर झिजतं. दातांच्या खाली माती निघून जायला खाचा दिलेली स्प्रॉकेटंही मिळतात. तुमच्या गाडीच्या मापाची मिळाली तर दोन पैसे जास्त द्या, काळ्या मातीत तो खर्च वसूल होतो. चढाला जोर मिळावा म्हणून पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करायची पद्धत मेळघाटाकडे फिरणाऱ्यांत आहे. जोर मिळतो, पण चेन जास्त आवळून वळते आणि स्विंगआर्मवरच्या प्लास्टिकच्या पट्टीला घासते. तसं केलं असेल तर ती पट्टी दर महिन्याला बघा, ती संपली की चेन थेट लोखंड कापायला लागते.

कड्यांची संख्या जुन्या चेनच्या मोजून सांगा. चेनची दोन टोकं जोडणारं लॉक क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते तिकडे हवं. उघडं तोंड पुढे राहिलं तर एखाद्या पऱ्हाटीच्या खुंटाला अडकून क्लिप उडते.

धुणं आणि तेल

जळकं ऑइल लावू नका. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूचा कीस आणि काजळी असते, आणि त्यावर वणी-घुग्घुसच्या रस्त्यावरची कोळशाची धूळ बसली की पिनांना घासायला पॉलिश पेपर तयार होतो. पेट्रोल आणि थिनर रबर रिंगा फुगवतात, तारेचा ब्रश त्या कापतो, आणि धुलाई केंद्रावरची प्रेशरची धार पाणी रिंगेच्या आत घुसवते. हात धरून सांगावंसं वाटतं, चेनवर ती धार मारू देऊ नका. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे, मग फडक्यानं कोरडी करा.

तेल ९० नंबरचं गेअर ऑइल चालतं. गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असताना खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा, चाक हातानं फिरवा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी निघताना लावलेलं तेल टायरवर उडतं. सीलवाल्या चेनला हे तेल आतल्या पिनांसाठी लागत नाही. ते गंज थांबवायला, रिंगा मऊ ठेवायला आणि रोलर-दातांच्या घासणीसाठी. म्हणून पातळ हात लावला तरी भागतं. उन्हाळ्यात, फुफाट्यात तर कमीच बरं.

इंजिन सुरू ठेवून, गेअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायची सवय खूप जणांना आहे. फडकं दातात गेलं की बोटही जातं, सोडायला वेळच मिळत नाही. इंजिन बंद, चाक हातानं, नेहमी.

गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या लोकांसाठी थोडं वेगळं. धानाच्या बांधीतला चिखल निसटून जातो, तो काळ्या मातीसारखा विटा करत नाही, पण वैनगंगेच्या पात्रातली रेती चेनला सगळ्यात जास्त खाते. तिकडे ताठपणापेक्षा झीज मोठी, म्हणून नदी ओलांडून आल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन तेल लावायचं, उद्यावर टाकायचं नाही.

वाटेत चेन ताठ झाली तर गाडी तशीच रेटू नका. माझ्या डिकीत आता एक जुना पेचकस, दोन लिटर पाण्याची बाटली, एक जास्तीचं लॉक आणि १५ सेंमीची स्टीलची पट्टी असते. चिखल संपून मुरुम लागला की थांबतो, इंजिन बंद करतो, मागच्या स्प्रॉकेटच्या खाचा उकरतो, पुढच्या झाकणाच्या फटीतून पाणी ओततो, गाडी न्यूट्रलमध्ये चार पावलं ढकलतो, परत ओततो. पाच-सात मिनिटं लागतात. आताची चेन मागच्या जूनमध्ये बसवली. पोळ्याला मोजली तेव्हा २० कड्या २५४.५ भरल्या, होळीला २५५. ॲडजस्टर दर वेळी पाव-पाव फेऱ्यानंच फिरवला.